नवी तपासणी जुन्या तपासणीची जागा घेऊ शकते का? दोन मापन पद्धतींची तुलना करण्याची रीत

प्रयोगशाळेत नवा ॲनालायझर बसवला जातो, वॉर्डात नव्या कंपनीचे ग्लुकोमीटर येतात किंवा एम.डी.च्या थीसिससाठी एखादी स्वस्त आणि झटपट तपासणी पारखून पाहायचे ठरते. या सर्व वेळी विचारायचा प्रश्न एकच असतो: नव्या पद्धतीने दिलेला आकडा जुन्या पद्धतीच्या आकड्याऐवजी वापरला, तर रुग्णाबाबतचा निर्णय बदलेल का? या प्रश्नाचे उत्तर म्हणून बहुतेक थीसिसमध्ये सहसंबंध गुणांक, म्हणजे आर, काढलेला दिसतो आणि खाली ‘आर ०.९८, पी ०.००१ पेक्षा कमी, म्हणून दोन्ही पद्धती समतुल्य आहेत’ असे वाक्य असते (पी म्हणजे प्रत्यक्षात संबंध किंवा फरक नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता). हे वाक्य परीक्षकांच्या नजरेतूनही अनेकदा सुटते. आर हा गुणांक दोन मापने एकाच सरळ रेषेच्या किती जवळ आहेत एवढेच सांगतो. एक पद्धत दुसरीपेक्षा नेहमी दुप्पट आकडा देत असली तरी आर १ येऊ शकतो.

मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये एका संख्याशास्त्रीय नियतकालिकात आणि पुढे १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये यासाठी एक साधी रीत मांडली. त्यांच्या ‘लॅन्सेट’मधील उदाहरणात १७ व्यक्तींच्या श्वासाचा कमाल वेग दोन प्रकारच्या पीक फ्लो मीटरवर मोजला होता. आर ०.९४ होता आणि दोन मीटरमधील सरासरी फरक मिनिटाला अवघा २.१ लिटर होता. तरीही एकाच व्यक्तीचे दोन मीटरवरचे आकडे ७५ ते ८० लिटरनी वेगळे निघू शकतात असे गणिताने दाखवले. दम्याच्या रुग्णाचे औषध वाढवायचे की नाही हे ठरवताना एवढा फरक कोणताही डॉक्टर चालवून घेणार नाही.

ही रीत प्रत्यक्ष कशी वापरायची हे पुढे ग्लुकोमीटर आणि प्रयोगशाळेतील प्लाझ्मा ग्लुकोज यांच्या तुलनेवरून क्रमाने दिले आहे. हिमोग्लोबिन, क्रिॲटिनिन, रक्तदाब, सोनोग्राफीवरील मापे अशा कोणत्याही सलग संख्येत येणाऱ्या मापनाला हीच पद्धत लागू पडते.

किती फरक चालेल हे आधी ठरवा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती संगणक करून देत नाही. दोन पद्धतींत थोडाफार फरक असणारच. तो किती असला तरी रुग्णाच्या उपचारात बदल होणार नाही, हे वैद्यकीय ज्ञानावरून ठरवावे लागते आणि ते सिनॉप्सिसमध्ये (अभ्यासाच्या आराखड्यात), म्हणजे पहिला नमुना घेण्यापूर्वी, लिहून ठेवावे लागते. निकाल हाती आल्यावर मर्यादा ठरवली की ती निकालाला सोयीची निघते, आणि यात कोणी मुद्दाम लबाडी करावी लागते असेही नाही.

ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाची २०१३ ची आवृत्ती हा एक तयार आधार आहे. प्रयोगशाळेतील मूल्य १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत, आणि १०० किंवा त्याहून अधिक असेल तर १५ टक्क्यांच्या आत, अशा अंतरात किमान ९५ टक्के वाचने पडावीत, अशी त्यातील अचूकतेची प्रमुख अट आहे. मात्र ही अट घरच्या घरी साखरेवर लक्ष ठेवणाऱ्या रुग्णाच्या उपकरणासाठी आहे. मधुमेहाचे निदान करायचे असेल तर उपाशीपोटी १२६ ही रेषा असते आणि त्या रेषेपाशी १५ टक्के म्हणजे जवळपास १९ मिलिग्रॅम होतात. एका कामाला चालणारी मर्यादा दुसऱ्या कामाला चालत नाही. त्यामुळे ‘मान्य फरक’ हा शब्दप्रयोग लिहिताना तो कोणत्या उपयोगासाठी मान्य आहे, हे त्याच वाक्यात यायला हवे.

रुग्ण कोणते आणि किती घ्यायचे

ज्या रुग्णांवर नवी पद्धत पुढे वापरली जाणार आहे, त्यांच्यासारखेच रुग्ण अभ्यासात असावेत आणि मापनाचा सबंध पल्ला त्यात यावा. फक्त ओपीडीतील धडधाकट लोक घेतले तर आकडे ८० ते १४० च्या दरम्यान गोळा होतात आणि ३०० च्या घरात उपकरण काय करते हे कळत नाही. उलट, आकडा चांगला दिसावा म्हणून टोकाची चार-दोन मूल्ये गोळा करण्याचा मोहही टाळावा. त्याचा परिणाम काय होतो हे पुढे आकड्यांतच दिसेल.

रुग्णांच्या निवडीत स्थानिक परिस्थितीचाही विचार हवा. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपवर हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाचा, परिणाम होतो आणि रक्तक्षय असलेल्या रुग्णात वाचन खऱ्यापेक्षा जास्त येण्याकडे कल असतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. तेव्हा इथल्या प्रसूती वॉर्डासाठी ग्लुकोमीटर पारखताना हिमॅटोक्रिट नोंदवला नसेल, तर अभ्यासातील सर्वांत मोठे कारणच नोंदीबाहेर राहते. त्याच न्यायाने गडचिरोली किंवा नंदुरबारमध्ये एचबीए१सीच्या (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीच्या) दोन पद्धतींची तुलना करणाऱ्याने सिकलसेलची माहिती प्रत्येक रुग्णासमोर लिहिलीच पाहिजे.

संख्येबाबत बोलायचे तर, प्रयोगशाळांसाठीच्या सीएलएसआय या संस्थेच्या मार्गदर्शिकेत किमान ४० रुग्णांचे नमुने सुचवले आहेत. पुढे जी ‘सहमतीची मर्यादा’ (दोन पद्धतींतला फरक बहुतेक रुग्णांत ज्या पट्ट्यात राहतो त्याचे टोक) काढायची आहे, तिच्या दोन्ही बाजूंना किती अनिश्चितता राहील यावरून संख्या ठरवणे हे अधिक योग्य. फरकांच्या प्रमाण विचलनाला (फरक त्यांच्या सरासरीभोवती किती पसरले आहेत याच्या मापाला) एकक मानले तर ४० रुग्णांत ही अनिश्चितता दोन्ही बाजूंना सुमारे ०.५५ एकक राहते आणि १०० रुग्णांत सुमारे ०.३४ एकक. शक्य असेल तर १०० घ्यावेत, असे माझे मत आहे. अगदीच जमत नसेल तरी ४० च्या खाली जाऊ नये.

इथे एक गफलत वारंवार होते. वीस रुग्णांचे प्रत्येकी पाच नमुने घेऊन ‘एन बरोबर १००’ असे लिहिले जाते. एकाच रुग्णाची पाच वाचने एकमेकांशी नाते राखून असतात, कारण त्याचा हिमॅटोक्रिट, त्याची औषधे, त्याची त्वचा तीच असते. त्यामुळे ती पाच स्वतंत्र साक्षी ठरत नाहीत. पेशींच्या प्रयोगात एकाच कल्चरमधून भरलेल्या तीन वेल्सनाही (प्लेटवरील खळग्यांनाही) हाच नियम लागतो: त्या वेल्समुळे पिपेटिंगमधला फरक कळतो, पण जैविक पुनरावृत्ती एकच राहते. एकेका रुग्णाची अनेक वाचने असतील तर त्यासाठी वेगळे सूत्र आहे आणि ते वापरायचे असल्यास सिनॉप्सिसच्या वेळीच संख्याशास्त्रज्ञाला भेटावे.

नमुना घेताना

दोन्ही मापने एकाच क्षणीच्या रक्ताची हवीत. बोटाच्या टोकाचे वाचन सकाळी आठला आणि शिरेतील रक्त साडेआठला घेतले, तर मधल्या अर्ध्या तासात साखर जेवढी बदलली तेवढा दोष ग्लुकोमीटरच्या माथी बसतो. जेवणानंतर बोटाच्या केशवाहिन्यांतील रक्तात ग्लुकोज शिरेतील रक्तापेक्षा जास्त असते, उपाशीपोटी हा फरक किरकोळ असतो. म्हणून उपाशी आणि जेवणानंतरचे नमुने एकत्र मिसळू नयेत, निदान वेगळे ओळखता येतील असे नोंदवावेत.

ट्यूबमधले रक्तही स्वस्थ बसत नाही. पेशी वेगळ्या केल्या नाहीत तर त्या ग्लुकोज वापरत राहतात आणि सर्वसाधारण तापमानाला ते तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. १६० चा नमुना वॉर्डातून प्रयोगशाळेत पोहोचून सेंट्रिफ्यूज होईपर्यंत दोन तास गेले, तर तो १४० च्या आसपास उतरू शकतो आणि मग अचूक असलेला ग्लुकोमीटरही वीस मिलिग्रॅम जास्त दाखवतो असा निष्कर्ष निघतो. राखाडी झाकणाच्या फ्लोराइड ट्यूबने हे पूर्णपणे टळते अशी समजूत आहे. फ्लोराइडचा परिणाम पूर्ण व्हायला तास-दोन तास लागतात आणि तोवर घट चालूच राहते. म्हणून ट्यूब बर्फात ठेवणे, अर्ध्या तासाच्या आत प्लाझ्मा वेगळा करणे आणि रक्त काढल्याची व प्लाझ्मा वेगळा केल्याची अशा दोन्ही वेळा फॉर्मवर लिहिणे, एवढी शिस्त पाळावी. या दोन रकान्यांमुळे नंतर कितीतरी विचित्र आकड्यांचा उलगडा होतो.

वाचन घेणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीचा आकडा दिसता कामा नये. ‘हाय’ किंवा ‘लो’ असे आले तर तसेच लिहावे. तिथे अंदाजाने ६०० किंवा २० भरू नयेत. ‘हाय’ आणि ‘लो’ वाचनांचे काय करायचे, हेही आधीच ठरलेले असावे.

आधी प्रत्येक पद्धत स्वतःशी जुळते का ते पाहा

जी पद्धत एकाच नमुन्यावर दोनदा वेगवेगळे आकडे देते, ती दुसऱ्या कोणत्याही पद्धतीशी जुळू शकणार नाही. म्हणून निदान काही रुग्णांत प्रत्येक पद्धतीने लागोपाठ दोन वाचने घ्यावीत. समजा, ग्लुकोमीटरवर पाच रुग्णांची दुहेरी वाचने १०२ व १०६, १३१ व १२८, ९० व ९५, १५५ व १५३, ११८ व १२४ अशी आली. फरक ४, ३, ५, २ आणि ६. त्यांच्या वर्गांची बेरीज ९०. तिला रुग्णसंख्येच्या दुपटीने, म्हणजे १० ने, भागल्यावर ९ येतात आणि वर्गमूळ ३. हे झाले एका रुग्णातील प्रमाण विचलन. त्याला २.७७ ने गुणले की ८.३ येतात. याचा अर्थ, रुग्णाच्या साखरेत काहीही बदल न होता लागोपाठच्या दोन वाचनांत ८ मिलिग्रॅमपर्यंतचा फरक सहज पडू शकतो. वॉर्डात ‘दहा मिनिटांपूर्वी १४० होती, आता १४६ कशी?’ असा प्रश्न येतो, त्याचे उत्तर या एका आकड्यात आहे. पाच रुग्ण इथे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्षात ते बरेच जास्त हवेत.

दहा रुग्णांचे गणित

पुढील आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. सर्व उपाशीपोटीचे असून मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. फरक काढताना ग्लुकोमीटरच्या आकड्यातून प्रयोगशाळेचा आकडा वजा केला आहे. वजाबाकीची दिशा कोणती, हे अहवालात स्पष्ट लिहिले नाही तर वाचणाऱ्याला जास्त-कमी उलटे समजते.

| रुग्ण | प्रयोगशाळा | ग्लुकोमीटर | फरक | दोहोंची सरासरी |
|---|---|---|---|---|
| १ | ७२ | ८० | +८ | ७६ |
| २ | ८८ | ९३ | +५ | ९०.५ |
| ३ | ९६ | ९१ | −५ | ९३.५ |
| ४ | ११० | १२१ | +११ | ११५.५ |
| ५ | १२४ | १३१ | +७ | १२७.५ |
| ६ | १४२ | १३९ | −३ | १४०.५ |
| ७ | १६५ | १८० | +१५ | १७२.५ |
| ८ | १९८ | १९१ | −७ | १९४.५ |
| ९ | २३६ | २५७ | +२१ | २४६.५ |
| १० | २९० | ३१८ | +२८ | ३०४ |

प्रथम आलेख काढावा, गणित नंतर. आडव्या अक्षावर प्रयोगशाळेचा आणि उभ्यावर ग्लुकोमीटरचा आकडा घेऊन ठिपके मांडावेत आणि त्यावर दोन्ही आकडे समान असल्याची ४५ अंशांची रेषा आखावी. एक्सेल स्वतःहून जी रेषा आखून देते ती ही नव्हे. दुसऱ्या आलेखात आडव्या अक्षावर दोन्ही मापनांची सरासरी आणि उभ्यावर फरक घ्यावा. आडव्या अक्षावर नुसता प्रयोगशाळेचा आकडा का घेऊ नये, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. फरकाच्या वजाबाकीत तोच आकडा असतो, त्यामुळे तसे केल्यास खरा संबंध नसतानाही ठिपके खाली उतरताना दिसू शकतात; सरासरी घेतल्याने हा भास बराचसा टळतो.

आता फरकांची बेरीज ८० आणि सरासरी फरक ८. ग्लुकोमीटर सरासरीने ८ मिलिग्रॅम जास्त दाखवतो, हा त्याचा कल झाला. प्रत्येक फरकातून ८ वजा करून आलेल्या संख्यांचे वर्ग मिळवले तर ११५२ येतात. त्यांना ९ ने, म्हणजे रुग्णसंख्येतून एक वजा करून, भागले की १२८ आणि त्याचे वर्गमूळ ११.३. हे फरकांचे प्रमाण विचलन. एक्सेलमध्ये यासाठी दोन सूत्रे आहेत. त्यांतले नमुन्यासाठीचे, शेवटी ‘एस’ असलेले, वापरावे, ‘पी’ असलेले नव्हे.

सरासरी फरकात प्रमाण विचलनाची १.९६ पट मिळवली आणि वजा केली की सहमतीच्या मर्यादा मिळतात. ११.३ ची १.९६ पट सुमारे २२.२, म्हणून मर्यादा −१४.२ ते +३०.२. अशाच नव्या रुग्णांपैकी सुमारे ९५ टक्क्यांमध्ये ग्लुकोमीटरचा आकडा प्रयोगशाळेपेक्षा १४ ने कमी ते ३० ने जास्त या पट्ट्यात असेल, असा त्याचा अर्थ. फरक घंटाकृती वाटणीच्या जवळपास असावेत, ही त्यामागची अट. मूळ ग्लुकोजचे आकडे तसे असण्याची गरज नाही. हिस्टोग्राम काढायचा तो फरकांचा.

आर आणि पी इथे कसे फसवतात

याच दहा रुग्णांत आर ०.९९३ येतो. कोणत्याही थीसिसमध्ये हा आकडा ठळक अक्षरांत छापला जाईल. आता शेवटचे चार रुग्ण वगळून पहिले सहाच घेऊ. फरकांचे प्रमाण विचलन ११.३ वरून ६.४ वर येते, म्हणजे उपकरण या भागात जवळपास दुपटीने चांगले जुळते. आर मात्र ०.९९३ वरून ०.९६८ वर घसरतो. सहमती सुधारली आणि गुणांक उतरला. कारण एवढेच की आर हा आकड्यांच्या पल्ल्यावर अवलंबून असतो; ७० पासून ३०० पर्यंत पसरलेल्या रुग्णांत तो आपोआप फुगतो.

दुसरा नेहमीचा उपाय म्हणजे जोडीची टी चाचणी. आपल्या आकड्यांत टी २.२४ आणि पी ०.०५२ येतो. ‘०.०५ पेक्षा जास्त, म्हणून दोन पद्धतींत लक्षणीय फरक नाही’ असे लिहून अनेक जण सुटकेचा श्वास सोडतील. सरासरी फरकाचा ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे खरा सरासरी फरक ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा, पाहिला तर तो −०.१ ते +१६.१ आहे: उपकरण सरासरीने अगदी बरोबर असू शकते किंवा १६ मिलिग्रॅम जास्तही दाखवत असू शकते, आणि दहा रुग्णांवरून यांपैकी काय खरे ते ठरत नाही. शिवाय टी चाचणी फक्त सरासरीकडे पाहते. निम्म्या रुग्णांत ४० जास्त आणि निम्म्यांत ४० कमी दाखवणारे निरुपयोगी यंत्र या चाचणीत बिनतक्रार उत्तीर्ण होईल; उलट हजार रुग्णांवर तपासलेले उत्तम यंत्र एका मिलिग्रॅमच्या कलामुळे नापास होईल.

मर्यादांची अनिश्चितता

सहमतीच्या मर्यादा हाही नमुन्यावरून काढलेला अंदाजच आहे आणि त्याचा विश्वास अंतराल न देणे ही प्रसिद्ध लेखांतही आढळणारी उणीव आहे. गणित अवघड नाही. प्रमाण विचलनाच्या वर्गाला तिनाने गुणून रुग्णसंख्येने भागायचे आणि वर्गमूळ घ्यायचे: १२८ ची तिप्पट ३८४, भागिले १० म्हणजे ३८.४, वर्गमूळ ६.२. ही मर्यादेची प्रमाण त्रुटी. नऊ मुक्तमात्रांसाठी (रुग्णसंख्येतून एक वजा) टी कोष्टकातील २.२६ ने तिला गुणले की १४ येतात. वरची मर्यादा ३०.२ असली तरी ती प्रत्यक्षात १६ ते ४४ यांमध्ये कुठेही असू शकते. खालची −२८ ते शून्याच्या किंचित खाली. हा पट्टा एवढा रुंद आहे की दहा रुग्णांवरून उपकरण विकत घेण्याचा निर्णय कोणी करू नये. अहवालात मान्य फरकाशी तुलना करताना मर्यादेच्या विश्वास अंतरालाचे बाहेरचे टोक घ्यावे. तेही मान्य पट्ट्यात बसले तर सहमतीचा दावा भक्कम ठरतो.

फरक आकड्याबरोबर वाढत असेल तर

फरकांचा रकाना पुन्हा वरून खाली वाचावा. पहिल्या सहा रुग्णांत सर्वांत मोठा फरक ११ आहे, शेवटच्या दोघांत २१ आणि २८. ग्लुकोज जितके जास्त तितका फरक मोठा, ही प्रयोगशाळेतील बहुतेक रासायनिक तपासण्यांची नेहमीची वागणूक आहे. अशा वेळी −१४ ते +३० हा एकच पट्टा सर्वांना लावला तर ७० च्या रुग्णासाठी तो उगाच रुंद आणि ३०० च्या रुग्णासाठी अपुरा ठरतो. ७० च्या रुग्णाच्या बाबतीत ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण साखर खाली जाण्याचा धोका तिथेच असतो.

उपाय म्हणून प्रत्येक फरक त्या जोडीच्या सरासरीच्या टक्केवारीत मांडावा. पहिल्या रुग्णात ७६ पैकी ८ म्हणजे १०.५ टक्के, दहाव्यात ३०४ पैकी २८ म्हणजे ९.२ टक्के, टोके आता एका मापात आली. दहाही रुग्णांची सरासरी ४.६ टक्के, प्रमाण विचलन ६.० टक्के आणि सहमतीच्या मर्यादा −७.२ ते +१६.४ टक्के येतात. ८० च्या आसपास याचा अर्थ ६ ने कमी ते १३ ने जास्त, आणि ३०० च्या आसपास सुमारे २२ ने कमी ते ४९ ने जास्त. लॉगरिदम घेऊन तेच गणित करण्याचीही पद्धत आहे आणि काही वेळा ती अधिक नेटकी असते, पण वॉर्डातील डॉक्टरला टक्केवारी लगेच कळते.

कल स्थिर आहे की प्रमाणात वाढतो हे पाहण्यासाठी समाश्रयण रेषा (ठिपक्यांना सर्वांत जवळून जाणारी सरळ रेषा) काढायची असेल तर एक सावधगिरी हवी. साध्या समाश्रयणात आडव्या अक्षावरचे मापन बिनचूक असल्याचे गृहीत असते आणि प्रयोगशाळेचे मापनही बिनचूक नसतेच. दोन्ही बाजूंची चूक विचारात घेणारे डेमिंग समाश्रयण किंवा १९८३ मध्ये मांडलेली पॅसिंग-बॅबलॉक ही क्रमांवर आधारलेली पद्धत इथे योग्य. आपल्या आकड्यांत साधा उतार १.०९ आणि दोन्ही बाजूंची चूक समान मानून काढलेला डेमिंगचा उतार १.१० येतो, म्हणजे फार अंतर नाही. पण पल्ला आखूड आणि चुका मोठ्या असतील तर हे अंतर वाढते.

वेगळा पडलेला ठिपका

आलेखात एखादा ठिपका बाकीच्यांपासून दूर पडला तर प्रथम मूळ नोंदवही उघडावी. १३१ चे ३११ झाले आहे का, दुसऱ्याच रुग्णाचे लेबल लागले आहे का, स्ट्रिपची मुदत संपली होती का, बोट पुसले होते की नाही, प्लाझ्मा वेगळा करायला किती वेळ लागला, हे तपासावे. कारण सापडले तर दुरुस्ती करून ती लिहून ठेवावी. कारण सापडले नाही तर तो रुग्ण आकडेमोडीत ठेवावा आणि त्याच्यासह व त्याच्याशिवाय असे दोन्ही निकाल द्यावेत. वॉर्डात हे उपकरण वापरले जाईल तेव्हाही असे ठिपके पडणारच आहेत आणि त्या वेळी कोणी ते वगळून देणार नाही.

मान्य मर्यादेशी तुलना

आयएसओची अट आपल्या दहा रुग्णांना लावून पाहू. १०० च्या खालील तिघांत फरक ८, ५ आणि ५, सर्व १५ च्या आत. वरच्या सातांत सर्वांत मोठा फरक चौथ्या रुग्णाचा, १० टक्के; तोही आत. दहापैकी दहा उत्तीर्ण. आता पाचव्या रुग्णाकडे पाहा. प्रयोगशाळेत उपाशीपोटीची साखर १२४, म्हणजे मधुमेहाच्या १२६ च्या रेषेखाली. ग्लुकोमीटरवर १३१, म्हणजे रेषेच्या वर. ७ मिलिग्रॅमचा, मानकाच्या दृष्टीने क्षुल्लक फरक एका माणसाला मधुमेही ठरवण्यास पुरेसा आहे. घरी इन्सुलिनचा डोस सांभाळणाऱ्याला हे उपकरण उपयोगी पडेल आणि शिबिरात निदानाचा शिक्का मारायला ते चालणार नाही, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. निदान हाच हेतू असेल तर रेषेच्या अलीकडे-पलीकडे किती रुग्णांचे वर्गीकरण बदलले, याचा स्वतंत्र तक्ता द्यावा.

निकाल कसा लिहायचा

निकालाच्या परिच्छेदात रुग्णसंख्या, मापनाचा पल्ला, फरकाची दिशा, कल, सहमतीच्या मर्यादा, या सर्वांचे विश्वास अंतराल आणि आधी ठरवलेला मान्य फरक एवढे यावे. आपल्या उदाहरणात पहिली वाक्ये अशी होतील: ‘प्रयोगशाळेतील ग्लुकोज ७२ ते २९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असलेल्या १० प्रौढ रुग्णांत उपाशीपोटी ग्लुकोमीटरचे वाचन प्रयोगशाळेपेक्षा सरासरीने ८.० ने जास्त होते (९५ टक्के विश्वास अंतराल −०.१ ते १६.१). फरक ग्लुकोजबरोबर वाढत असल्याने सहमतीच्या मर्यादा टक्केवारीतही काढल्या, त्या −७.२ ते +१६.४ टक्के होत्या.’ त्यानंतर टक्केवारीच्या मर्यादांचे विश्वास अंतराल वर दाखवलेल्या रीतीनेच काढून द्यावेत. आर द्यायचाच असेल तर तो कोपऱ्यात असू द्यावा; निष्कर्षाचा आधार म्हणून तो वापरू नये.

निष्कर्ष ज्या रुग्णांवर आधारलेला आहे, त्यांच्यापुरताच ठेवावा. ओपीडीतील प्रौढांवर पारखलेले ग्लुकोमीटर नवजात शिशूंसाठी चालेल असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही, कारण नवजातात हिमॅटोक्रिट जास्त आणि ग्लुकोज कमी असते. शॉकमधील रुग्णात बोटापर्यंत रक्तच नीट पोहोचत नाही, त्यामुळे आयसीयूसाठीही वेगळा अभ्यास करावा लागतो. स्ट्रिपचा लॉट बदलला तर निदान थोड्या नमुन्यांवर दुहेरी तपासणी पुन्हा करावी आणि अभ्यासात वापरलेल्या स्ट्रिपचा लॉट क्रमांक, ॲनालायझरची पद्धत व त्या दिवसांचे कंट्रोलचे आकडे परिशिष्टात जोडावेत.